सहा ते आठ

खांबेटेबाई रस्ता ओलांडताना उजवा हात वर करायच्या. वाहतूक पोलिसासारखा नाही. वर्गात प्रश्न विचारायचा असला की मुलं करतात, तसा. मग गाड्यांकडे न बघता गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत चालू लागायच्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला कागदांची पिशवी. दिल्लीत त्या वेळी माणसासाठी गाडी थांबवायची पद्धत नव्हती. बाईंसाठी थांबायची. आदराने नसेल, ही बाई काय विचारणार आहे, हे कळेपर्यंत चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जात असावा.

आमची संस्था लक्ष्मीबाई नगरजवळच्या एका घराच्या पहिल्या मजल्यावर होती. खाली ड्रायक्लीनरचं दुकान होतं, त्यामुळे आमच्या सगळ्या अहवालांना पेट्रोलसारखा वास यायचा. संस्था ना सरकारी, ना नफ्याची. आम्ही दोन कामं करायचो. रस्ते, बस आणि पायी चालणारी माणसं यांचा अभ्यास करून सरकारला सल्ला द्यायचा, हे पहिलं. सरकार तो सल्ला घेत नसे, म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनाच तीन आठवडे बोलावून शिकवायचं, हे दुसरं. या दुसऱ्याला नेतृत्व प्रशिक्षण म्हणायचे. बाई दोन्हींच्या प्रमुख होत्या.

मी मुलाखतीला गेलो तेव्हा उदारीकरण नुकतंच सुरू झालं होतं. पुण्याहून आलेली आमच्यासारखी मुलं परदेशी कंपन्यांच्या दारात उभी होती. मला कुणी घेतलं नव्हतं, म्हणून मी इथे आलो होतो. बाईंनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली.

"कसे आलात?"

"बसने."

"स्टॉपवर किती माणसं होती?"

मी विचार केला. पंधरा म्हणावं की वीस, असा तो विचार होता. पण बाई डोळ्यांत बघत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मोजली नाहीत."

त्या पहिल्यांदा हसल्या. "आजचे तुम्ही पाचवे. चौघांनी आकडा सांगितला. सोमवारपासून या."

हे मी आधी सांगतो आहे, कारण मला नोकरी कशामुळे मिळाली हे पुढे लक्षात राहायला हवं.

बाईंचं नेतृत्व प्रशिक्षण पहिल्या दिवशीच अर्ध्या लोकांना सोसायचं नाही. नियम असा, की वर्गाला सिटी बसने यायचं आणि बसचं तिकीट हजेरीपटाला टाचायचं. तिकीट नाही, तर हजेरी नाही. एकदा एका राज्याच्या परिवहन खात्याचे एक मोठे अधिकारी आले, सरकारी अॅम्बेसेडरमधून, मागे फायली धरलेला शिपाई. बाईंनी त्यांच्या नावापुढे रेघ मारली.

"मैडम, मैं सामने बैठा हूँ," ते म्हणाले.

"दिख रहा है," बाई म्हणाल्या. "लेकिन आप आए नहीं हैं."

"तो ये कौन बैठा है?"

"वो आपकी गाडी को पूछिए. वही लायी है."

बाईंचं हिंदी चाळीस वर्षं दिल्लीत राहूनही सांगलीचंच होतं. दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ दीड तास उशिरा आले. शर्टाचं एक बटण गेलेलं, बुटावर दुसऱ्या कुणाच्या तरी बुटाचा ठसा. त्यांनी तिकीट बाईंच्या टेबलावर आपटलं. बाईंनी ते सरळ केलं, टाचलं आणि म्हणाल्या, "आज का पहला लेक्चर आपका." ते चिडून बोलायला लागले ते चाळीस मिनिटं थांबले नाहीत. स्टॉप कुठे आहे आणि बस कुठे थांबते, पायरी जमिनीपासून किती उंच, म्हातारी माणसं कशी चढत असतील. बाई मागच्या बाकावर बसून लिहून घेत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "ये आपके राज्य में कौन ठीक कर सकता है?" गृहस्थांनी बुटावरचा ठसा पाहिला. मग म्हणाले, "मैं." बाई म्हणाल्या, "चलो, चाय लेते हैं." त्या आठवड्याचा नेतृत्वाचा विषय संपला.

दुसरी गोष्ट मोजणीची. आमच्याकडे संशोधन म्हणजे मोजणी. मोजायची यंत्रं बाजारात आली होती, अंगठ्याने दाबायची; बाईंना ती चालत नसत. तक्ता, फळी आणि पेन्सिल. माणूस गेला की उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. दर पंधरा मिनिटांना नवी चौकट. प्रत्येक चौकटीपुढे शेऱ्याचा रकाना, आणि त्यात त्या पाव तासात दिसलेली एक तरी गोष्ट लिहायचीच. 'एक माणूस दरवाजा डोक्यावर घेऊन गेला.' 'दोन मुली, एकच चप्पल तुटली, दोघी अनवाणी.' बाई आकडे बेरजेसाठी आमच्याकडे द्यायच्या आणि शेरे घरी नेऊन वाचायच्या. मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, हाही एक नियम होता. आणि मोजणी चालू असताना बाई स्वतः केव्हाही, न सांगता, तपासायला यायच्या. बोलायच्या नाहीत. समोरून चालत जायच्या.

मला तपासायला त्या कधी आल्या नाहीत. "पाठारेला काय तपासायचं?" असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या. "नाही मोजलं तर तो नाही मोजलं म्हणून सांगतो."

फरीदाबादला कारखान्यांच्या आणि एका कामगार वस्तीच्या मधून नवा रुंद रस्ता व्हायचा होता. पलीकडे नव्या सोसायट्या येत होत्या, त्यांना दिल्लीला लवकर पोचायचं होतं. रस्त्याच्या मधोमध दुभाजक आणि त्यावर लोखंडी जाळी असणार होती. वस्तीसमोर पायी माणसांसाठी सिग्नल ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न आमच्याकडे आला होता. ठरावीक संख्येच्या वर माणसं रस्ता ओलांडत असतील तर सिग्नल, खाली असतील तर नाही. मोजणी सकाळी सहा ते दहा. माणूस मी.

जानेवारी होता. पाच वाजता गजर झाला. मी तो बंद केला आणि रजईत राहिलो. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. पुष्कळदा शोधलं. आजारी नव्हतो, घरात कुणी आजारी नव्हतं, स्कूटर नीट चालू होती. रजई नवी होती, एवढंच.

आठ वाजता पोचलो. आठ ते दहा मी अगदी नीट मोजलं. कारखान्यांची सकाळची पाळी केव्हाच आत गेली होती. तुरळक माणसं होती. मग चहाच्या टपरीवर बसून मी सहा ते आठच्या आठ चौकटी भरल्या. नंतरच्या दोन तासांची सरासरी काढली. एवढ्या धुक्यात आणखी कमीच लोक बाहेर पडत असतील, असं वाटून थोडी घटवली. सगळीकडे सारखा आकडा आला तर संशय येईल म्हणून सव्वासहाला दोन कमी, साडेसातला तीन जास्त असं केलं. खोट्याला चढउतार द्यावे लागतात. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. मी 'धुकं' लिहिलं. आठही चौकटींत.

संख्या खाली आली. बाईंच्या सहीने अहवाल गेला: सिग्नलची गरज नाही.

महिन्याभराने वस्तीतून तीन माणसं आमच्या कार्यालयात आली. बोलणारी विमला नावाची बाई होती, पंख्यांच्या कारखान्यात कामाला. तिघांनी कामाची सुट्टी घेतली होती. ती खुर्चीवर बसली नाही.

"बहनजी, सुना है आपने लिख दिया वहाँ कोई सड़क पार ही नहीं करता."

"ऐसा नहीं लिखा. कम लोग करते हैं, ऐसा लिखा है."

"कम? सुबह सात बजे आके देखो. पूरी शिफ्ट उधर जाती है. मेला लगता है, मेला."

"देखिए, हमारे पास गिनती है."

"गिनती गलत है."

तोपर्यंत बाईंना असं तोंडावर कुणी म्हटलं नसावं. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी पाण्याचे पेले घेऊन उभा होतो.

"ये हमारा आदमी है. सुबह छह बजे से खडा था. थंडी में. उसने एक-एक आदमी गिना है."

विमलाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं, प्यायली आणि म्हणाली, "भैया, तुम छह बजे आए थे?"

"बहुत कोहरा था," मी म्हणालो.

हे उत्तर नव्हतं. तिला ते कळलं. बाईंना कळलं नाही, कारण बाई माझं बोलणं तपासत नसत.

ते गेल्यावर बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. तिघं बसस्टॉपकडे जाईपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "पाठारे, परत एकदा मोजायचं का रे?"

आजवर माझ्यासाठी कुणी इतक्या सरळपणे दार उघडून धरलेलं नाही. मी म्हणालो, "अहवाल गेलाय, बाई. आता परत मोजलं तर आपल्याच आकड्यांवर आपला विश्वास नाही असं होईल."

"तेही खरं," बाई म्हणाल्या. "तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना त्रास आहे, म्हणून ती बोलली."

रस्ता झाला. जाळी बसली. महिन्याभरात वस्तीसमोर कुणीतरी जाळीचे दोन गज कापून माणूस जाईल एवढी फट केली. रस्त्याच्या खात्याने ती बुजवली, लोकांनी परत केली. त्या रस्त्यावर गाड्यांखाली माणसं गेली. किती, ते मी मोजलं नाही. वर्तमानपत्रातलं शहराचं पान मी बायकोला द्यायचो आणि स्वतः क्रिकेट वाचायचो.

बाई निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं, भाऊ मिरजेला. साठवलेल्या पैशांत त्यांनी सोसायटीत एक फ्लॅट घेतला होता, आणि तो फरीदाबादला, त्याच रस्त्यापलीकडे. निरोपसमारंभात संचालकांनी विचारलं, इतक्या लांब का? बाई म्हणाल्या, "आपण सल्ला दिलेल्या रस्त्यावर राहून बघावं म्हणते." सगळे हसले. मीही हसलो. भाजी वस्तीच्या बाजूला स्वस्त मिळायची, म्हणजे बाई रोज त्या फटीतून जाणार होत्या, हात वर करून.

त्यांच्या जागी प्रशिक्षण माझ्याकडे आलं. आम्ही मयूर विहारला राहायला गेलो, गाडी घेतली, मुलगी शाळेत गेली आणि घरी 'बिल्कुल' आणि 'चलो ना पापा' बोलू लागली. मी वर्गाला बसचं तिकीट टाचायला सांगत होतो. पहिल्या तासाला मी माझ्या मुलाखतीची गोष्ट सांगायचो. 'मोजली नाहीत' म्हणालो म्हणून नोकरी मिळाली, ही. अधिकारी ती वहीत लिहून घ्यायचे. दर तुकडीला सांगायचो. चांगली सांगायला यायला लागली होती. कुठे थांबायचं ते कळलं होतं.

एका तुकडीत बिहारच्या एका लहान नगरपालिकेची तरुण अभियंता होती. गोष्ट संपल्यावर तिने हात वर केला. अगदी बाई करायच्या तसा.

"सर, आपने कभी बिना गिने लिखा है?"

भांडण काढायला नव्हती विचारत. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"चाय पी लेते हैं," मी म्हणालो.

त्यानंतरच्या रविवारी मी फरीदाबादला गेलो. बाईंनी पोहे केले. केस पांढरे झाले होते, बूट तेच होते, निदान तसेच. मी पोहे संपवले, मग सांगितलं. गजर, रजई, टपरी, सरासरी, दोन कमी, तीन जास्त. सांगायला अपेक्षेपेक्षा फार कमी वेळ लागला. सात वर्षांत मला वाटलं होतं, निदान तासभर लागेल.

बाई म्हणाल्या, "आठ वेळा 'धुकं' होतं. मला आठवतंय. मी ते घरी वाचलं होतं. एवढं धुकं होतं तर याला माणसं दिसली कशी, हे मी विचारायला हवं होतं. ती माझी चूक."

"बाई, तुमची कसली चूक?"

"आणि इथे राहायला आल्यावर सकाळची गर्दी बघितली, तर मला वाटलं, वस्ती नंतर वाढली." त्यांनी माझी रिकामी बशी उचलली. "विमला मला भाजीबाजारात भेटते. तिला मी तसं समजावूनसुद्धा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मटार निवडून दिले तिने."

मला वाटलं, आता बोलतील. ओरडतील, जा म्हणतील. मी त्याची तयारी करून आलो होतो. खरं सांगायचं तर त्यासाठीच आलो होतो. बाई उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या फळी घेऊन बाहेर आल्या. फळीला कोरा तक्ता लावलेला, पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोक केलेली.

"सहा ते आठ राहिलंय," त्या म्हणाल्या.

"बाई, सात वर्षं झाली."

"रस्ता तिथेच आहे." फळी त्यांनी माझ्या हातात दिली. "उद्या सोमवार. आज मोजून उपयोग नाही, सुट्टी आहे. गाडीने येऊ नकोस, गाडीतून मोजलेलं मी धरत नाही. झालं की खाली पत्रपेटीत टाक. वर येऊ नकोस, मला कामं असतात."

पुढचं आधी सांगून टाकतो. तक्ता मी पत्रपेटीत टाकला. बाईंनी तो खात्याला पाठवला, सोबत एक पत्र. त्याची प्रत संस्थेत आली. 'आधीच्या मोजणीतले पहिले दोन तास प्रत्यक्षात मोजले गेले नव्हते. मोजणीप्रमुख म्हणून जबाबदारी माझी आहे.' माझं नाव कुठेही नव्हतं. मी संचालकांकडे जाऊन तो मोजणारा मी होतो असं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि प्रशिक्षण दुसऱ्याकडे दिलं. नोकरी राहिली. बाई उन्हाळ्यात भावाकडे मिरजेला गेल्या, तिथे आजारी पडल्या आणि परत आल्या नाहीत. मी भेटायला जायचं म्हणत होतो. सिग्नल त्यानंतर दीड वर्षाने लागला. बटण दाबलं की हिरवा होतो. मी मुलाखतीची गोष्ट आता सांगत नाही. कुणी विचारलं तर ही सांगतो.

तर तो सोमवार. मयूर विहारहून पहिली बस धरली, दुसरी बदलली, सहाला दहा कमी असताना फटीजवळ उभा राहिलो. धुकं होतं. पण धुक्यातही माणसं दिसतात. जवळ उभं राहावं लागतं, एवढंच. सव्वासहापर्यंत एक चौकट भरली. साडेसहाला रेघा चौकटीत मावेनात. डबे, सायकली, स्वेटरवरून बांधलेल्या शाली. माणसं फटीपाशी थांबायची, पाच-दहा जमायची आणि मग कुणीतरी 'चलो' म्हटलं की एकदम पळायची. बायका मुलींचे हात मनगटापाशी धरायच्या. शेऱ्याला जागा पुरत नव्हती. विमला गेली. तिने फळी पाहिली, मला पाहिलं, थांबली नाही. मी तिची रेघ ओढली. उभी रेघ, नव्या पाचांतली पहिली. तिच्या मागून आणखी तिघं गेली.

पावणेसात झाले असतील. त्या तिघांच्या मागून पलीकडच्या सोसायट्यांच्या बाजूने धुक्यात आधी बूट दिसले. पांढरे. मग साडी, मग पिशवी. बाई तपासायला आल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही; मोजणाऱ्याशी बोलायचं नसतं. फटीतून तिरक्या होऊन आल्या, दुभाजकाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि उजवा हात वर केला. एक ट्रक येत होता. त्याचे दिवे बाईंवर आले, मोठे झाले, आणि थांबले. बाई चालकाच्या डोळ्यांकडे बघत माझ्यासमोरून गेल्या आणि वस्तीच्या बाजूला धुक्यात शिरल्या.

चार उभ्या झालेल्या होत्या. मी बाईंची आडवी ओढली. शेऱ्यात लिहिलं: 'कॅनव्हासचे बूट. हात वर. ट्रक थांबला.' आणि पुढची चौकट घेतली.